पन्नास मीटर आणि त्याआधीचं अंतर

२० मे २०२३ला चीनमधल्या शांघायमध्ये तिरंदाजी वर्ल्डकपची कंपाउंड गटाची फायनल झाली. एका बाजूला होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जवकार. दोघांनी पंधरा-पंधरा बाण सोडले. श्लोसरचे गुण झाले १४८ आणि प्रथमेशचे १४९.

दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास. म्हणजे पंधरापैकी चौदा बाण थेट दहाच्या वर्तुळात आणि फक्त एक नऊच्या. समोरच्याचेही तेरा-चौदा बाण दहातच होते. अशा लढतीत हरलेल्याला नीटशी चूकही सापडत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर हा व्हिडिओ आला. चिखलीत राहणाऱ्या आमच्या चाचांनी तो तीन वेळा पाहिला आणि एवढंच लिहिलं, ‘इत्ता चुप कैसे रहता ये छोरा?’ मला वाटतं, क्रीडा पत्रकारांनी लिहिलेल्या सगळ्या बातम्यांपेक्षा चाचांचा हा प्रश्न मुद्द्याचा होता. एवढा शांत कसा राहतो हा पोरगा? आणि त्याच्या मागोमाग माझा प्रश्न, आमच्या जिल्ह्यात हे शिकवलं कुणी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या जिल्ह्याचं नाव राष्ट्रीय बातम्यांत ऐकलं की आधी धडकी भरते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पाण्याचे टँकर, नाहीतर अपघात. त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागली आणि २५ प्रवासी जळून गेले. पुढे २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा देशभरातले कॅमेरे इकडे वळले. बाकी ओळख म्हणजे लोणारचं सरोवर, जिजाऊंचं सिंदखेडराजा, शेगाव आणि सैलानी बाबांचा दर्गा. जिल्ह्याच्या मुख्य गावाला आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर गाठावं लागतं. अशा ठिकाणाहून एक पोरगा शांघायला जातो आणि जगातल्या पहिल्या नंबरला एका गुणाने हरवतो, ही गोष्ट आम्हा लोकांना पचायला जरा वेळ लागतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑलिम्पिकमध्ये आजवर आपण पाहत आलो ते रिकर्व्ह धनुष्य. त्याची टोकं पुढे वळलेली असतात आणि निशाणा ७० मीटरवर असतो. कंपाउंड धनुष्य वेगळं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांवरून दोऱ्या फिरतात. दोरी खेचायला सुरुवातीला भरपूर जोर लागतो. पण पूर्ण खेचली की चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम उतरतो. त्यामुळे नेम धरून थोडं थांबता येतं. डोळ्यासमोर भिंग असतं, धनुष्य तिरपं झालं तर सांगणारा पाण्याचा बुडबुडा असतो, आणि दोरी बोटांनी नव्हे तर हातातल्या एका छोट्या खटक्याने सोडतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी हे धनुष्य शोधून काढलं.

यंत्र आहे म्हणजे काम सोपं, असं कुणालाही वाटेल. पण यंत्राने सोय केली की नियमही कडक होतात. निशाणा ५० मीटरवर असतो. चार एसटी बस एकामागे एक उभ्या करा, तरी अंतर थोडं उरेल. आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. फायनलमध्ये दोघे आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. वारा तेवढ्यातच समजून घ्यायचा, श्वास तेवढ्यातच धरायचा. इथे ताकदीचा किंवा चपळाईचा फारसा उपयोग नाही. जे एकदा केलं तेच हुबेहूब पंधरा वेळा करायचं, एवढंच काम. रोज तेच आणि तसंच करत राहण्याची सवय लागते. आपल्याकडे याला रियाज म्हणतात.

आता श्लोसरबद्दल. तिरंदाजीच्या जगात त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात आणि ते उगाच नाही. २०१५ साली फ्रान्समधल्या नीम शहरात इनडोअर स्पर्धेच्या साठ बाणांच्या फेरीत त्याने ६००पैकी ६०० गुण मिळवले होते. तसं करणारा तो पहिला माणूस. त्याच्याआधी दोनच वर्षं, २०१३मध्ये, तो जगज्जेता झाला होता. म्हणजे प्रथमेश शाळेत जात होता तेव्हापासून हा माणूस शिखरावर बसलेला.

माझ्या खालाचा मुलगा आयटीच्या नोकरीसाठी नेदरलँड्सला असतो. त्याने ऑफिसात मोठ्या अभिमानाने सांगितलं की, आमच्या गावाकडच्या पोराने तुमच्या श्लोसरला हरवलं. सहकाऱ्यांनी विचारलं, ‘कोण श्लोसर?’ त्यांना निशाणेबाज म्हणून आठवत होते ते डार्ट खेळणारे. तिकडे डार्टच्या सामन्यांना हॉल भरतात, लोक गाणी म्हणतात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. अलीकडे त्यांचा जियान फान फेन हा तरुण खेळाडू गाजतोय. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं तो युवा जगज्जेता झाला आणि २०२५च्या ऑक्टोबरात त्याने युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये इंग्लंडच्या ल्यूक हम्फ्रीजला ११-१० असं हरवलं. तिथेही फरक एकाचाच. भावाचं बोलणं ऐकून मला गंमत वाटली. जो खेळ देशाने डोक्यावर घेतला त्यातला पोरगा घराघरात पोहोचतो आणि दुसऱ्या खेळातला जगातला पहिला माणूस शेजारच्या टेबलावरही ओळखला जात नाही. आपल्याकडे क्रिकेट आणि बाकीचे, तिकडे डार्ट आणि बाकीचे.

पण या फान फेनची एक गोष्ट मला फार जवळची वाटली. सुरुवातीच्या काळात त्याला ‘डार्टायटिस’ने गाठलं होतं. यात हात दुखत नाही, काही मोडत नाही. फक्त बोटांतून डार्ट सुटत नाही. हात पुढे जातो आणि मेंदू नको म्हणतो. तिरंदाजांमध्येही असाच आजार असतो. नेम लागला की हात आपोआप खटका दाबून मोकळा होतो, किंवा नेम मध्यावर यायलाच तयार होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. ज्याला होतं त्याच्या मात्र वर्षं जातात. फान फेन त्यातून बाहेर आला. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा चाचांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालं. असा शांतपणा कुणी जन्माला घेऊन येत नाही. तो हजारो बाण सोडून कमवावा लागतो, आणि कमावलेला असतो म्हणून हातातून जाऊही शकतो.

शांघायनंतर प्रथमेशचं वर्ष कसं गेलं तेही पाहू. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या वर्ल्डकपमध्ये अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसियोला वर्ल्डकपची अंतिम स्पर्धा झाली. वर्षभरातल्या निवडक तिरंदाजांनाच तिथे बोलावतात. प्रथमेशने तिथे श्लोसरला पुन्हा हरवलं. फायनलमध्ये समोर डेन्मार्कचा मॅथियस फुलर्टन होता. पंधरा बाणांनंतर दोघेही १४८वर. मग एकेक बाण. दोघांचेही दहा. शेवटी मोजपट्टीने ठरलं की फुलर्टनचा बाण मध्याच्या जास्त जवळ आहे. प्रथमेशला रौप्य मिळालं. मे महिन्यात एका गुणाने जिंकलेला पोरगा सप्टेंबरात काही मिलिमीटरने हरला.

आणि मग ५ ऑक्टोबर, हांगझोऊ, आशियाई खेळ. तिरंदाजी म्हटलं की ज्या देशापुढे सगळे मान खाली घालतात त्या दक्षिण कोरियाला अभिषेक, ओजस आणि प्रथमेशने सांघिक फायनलमध्ये २३५-२३० असं हरवलं. त्या स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने घेतली. वैयक्तिक गटाची फायनल तर ओजस आणि अभिषेक या दोन भारतीयांमध्येच झाली. वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोनच जण उतरू शकतात, त्यामुळे प्रथमेश तिथे नव्हता. श्लोसरला वर्षात दोनदा हरवणाऱ्यालाही आपल्याच संघात पहिल्या दोघांत जागा मिळाली नाही. या खेळात भारताकडे किती माणसं तयार झाली आहेत, ते यावरून समजावं.

ही माणसं तयार कुठे होतात? दिल्ली-मुंबईत नाही. ओजस नागपूरचा. त्याच २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तो जगज्जेता झाला. त्याच्यासोबत सतराव्या वर्षी महिलांची जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची, शिक्षक वडिलांची मुलगी. त्या वडिलांनी मुलीच्या धनुष्यासाठी कर्ज काढलं होतं. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकले, उसाच्या शेतात उभ्या केलेल्या मैदानावर.

बुलढाण्यात हे काम पोलीस दलातल्या चंद्रकांत इलग यांनी केलं. प्रथमेश त्यांच्याकडे शिकला. बुलढाणा पोलीस दलातल्याच मोनाली जाधव यांनी २०१९मध्ये चीनमधल्या चेंगदूला झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण आणलं. बुलढाण्याचाच मिहीर अपार २०२१मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफला युवा जागतिक स्पर्धेत कॅडेट मुलांच्या कंपाउंड संघात होता. त्या संघाने फायनलमध्ये अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. एका छोट्या जिल्ह्याच्या गावातून तीन-चार वर्षांत तीन आंतरराष्ट्रीय सुवर्णविजेते निघतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. आमच्या मोहल्ल्यात खाकी वर्दी दिसते ती बहुधा बंदोबस्ताला. कुणी वर्दीतला माणूस पोरांना श्वास रोखून उभं राहायला शिकवतो, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत छान गोष्ट वाटते.

काही जण याचं श्रेय मातीला देतात. बुलढाण्याचं मूळ नाव ‘भिलठाणा’ म्हणजे भिल्लांचं ठाणं, असं सांगतात, आणि भिल्ल म्हटलं की धनुष्यबाण आलाच. ऐकायला गोड आहे. पण अमेरिकेतल्या कारखान्यात जन्मलेलं चाकांचं धनुष्य आणि पन्नास मीटरवरचा कागद यांचा रक्ताशी काही संबंध नाही. पराक्रम रक्तात असतो, असं एकदा मान्य केलं की शिकवणाऱ्याचे कष्ट पुसले जातात. आणि ज्यांच्या रक्तात तो नाही असं आपण ठरवतो, त्या पोरांना मैदानाबाहेर ठेवायलाही कारण मिळतं.

हा मोह आपल्या समाजालाही आहे. तिरंदाजीचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी लगेच सांगतं की हुजूरांनी तीर चालवायला शिकण्याची ताकीद केली होती. साद इब्न अबी वक्कास यांच्या निशाण्याचे किस्से जुम्म्याच्या बयानात ऐकत मी मोठा झालो. इस्तंबूलमध्ये उस्मानी सुलतानांच्या काळातलं ‘ओकमैदान’ आजही त्या नावाने आहे. कुणाचा बाण कुठवर गेला, हे सांगणारे दगड तिथे रोवले होते. ‘तिरंदाज’ हा शब्दच मुळी फारसी, तीर टाकणारा. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य, मराठीने ती दरवाज्यावर चढवली. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण तुर्कस्तानच्या मेते गाझोजने टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं ते ओकमैदानाच्या आठवणींवर नाही. तो लहानपणापासून रोज मैदानात उभा राहिला म्हणून. आपण हदीस सांगतो, किस्से सांगतो आणि पोराच्या हातात मोबाईल देतो.

आमच्या लहानपणी नेम म्हणजे गोट्या आणि गलोल. दुपारच्या नमाजानंतर गल्लीत गोट्यांचा डाव बसायचा. त्यात एक पोरगा असा होता की दहा फुटांवरची गोटी अंगठ्याने हमखास उडवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. पुढे तो गॅरेजवर लागला. त्याचा हात आजही स्थिर आहे, कार्ब्युरेटरचा बारीक स्क्रू तो अंधारातही बसवतो. तो तिरंदाज झाला असता, असा दावा मी करणार नाही. पण त्याला कधी कुणी धनुष्य दाखवलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आता त्याच गल्लीत माझी भाची आहे. आठवीत शिकते, उर्दू शाळेत. शांघायचा तो व्हिडिओ तिनेही पाहिला होता. गेल्या वर्षी ईदला गेलो तेव्हा तिने विचारलं, ‘मामू, ये लड़कियाँ भी सीखतीं क्या?’ मी अदितीचं नाव सांगितलं, मोनाली जाधव यांचं सांगितलं. दोन दिवस तिने मला सोडलं नाही. मग आपाचे प्रश्न सुरू झाले. सरावाला कुठे जायचं, परत यायला अंधार पडेल का, सोबत अजून कुणाच्या मुली आहेत, ओढणी चालते का, दहावीचं काय. दूल्हाभाईंचा प्रश्न एकच होता, ‘कित्ते का आता ये?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. स्पर्धेसाठीच्या कंपाउंड धनुष्याचा पूर्ण संच लाखांत जातो. बाण, भिंग, खटका, सगळं परदेशी आणि सगळं वेगळं विकत घ्यायचं. दूल्हाभाईंचं किराणा दुकान आहे, त्यात वर्षाकाठी एवढी बचत होत नाही. सुरुवात मात्र बांबूच्या धनुष्याने करता येते. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार याच धनुष्यावर खेळला जातो आणि त्याचा खर्च घराला झेपणारा असतो. मी ते सांगितलं. दूल्हाभाई म्हणाले, ‘देखेंगे.’ आपल्या घरांत ‘देखेंगे’चे दोन अर्थ होतात. त्यांच्या तोंडून या वेळी कुठला निघाला, ते मला अजून समजलेलं नाही.

त्या रात्री मला जाणवलं की पन्नास मीटरचं अंतर या खेळातलं सर्वांत प्रामाणिक अंतर आहे. एकदा रेषेवर उभं राहिलं की निशाणा आडनाव विचारत नाही, गल्ली विचारत नाही, शाळा मराठी की उर्दू हे विचारत नाही. जगातला पहिला नंबर शेजारी उभा असला तरी आठ सेंटिमीटरचं वर्तुळ दोघांना सारखंच. म्हणून तर बुलढाण्याचा पोरगा श्लोसरला हरवू शकला. पण त्या रेषेपर्यंत पोहोचायचं अंतर सगळ्यांना सारखं नसतं. कुणाला ते घरापासून मैदानाएवढं असतं, कुणाला एका कर्जाएवढं. आणि कुणाला ‘लोग क्या कहेंगे’ एवढं, जे कुठल्याच मोजपट्टीत बसत नाही. इलग सरांसारखी माणसं आपल्या परीने हे अंतर कमी करतात. जिल्ह्याची मदत तिथे लागते. पदक आल्यावर चौकात लागणाऱ्या बॅनरांची गरज त्याच्या आधी कुणालाच नसते.

प्रथमेशच्या वाटेवरही पुढे चढ-उतार आले. २०२५च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला भारताच्या पुरुष कंपाउंड संघाने पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेचं सांघिक सुवर्ण जिंकलं. बातमीत प्रथमेश हे नाव होतं आणि आमच्या ग्रुपवर लगेच मुबारकबाद सुरू झाली. नंतर लक्षात आलं की तो प्रथमेश फुगे. ऋषभ यादव आणि अमन सैनी त्याच्यासोबत होते, आपला जवकार संघात नव्हता. ग्रुप एकदम थंड पडला. चाचांनी लिहिलं, ‘तो क्या हुआ, तीर तो है ना उसके पास.’ या खेळात जागा कुणाच्या नावावर लिहिलेली नसते. दरवेळी चाचणी, दरवेळी शून्यापासून मोजणी. आदल्या वर्षीचं सुवर्ण पुढच्या वर्षीच्या पहिल्या बाणाला एक गुणही वाढवून देत नाही. बाविशीतल्या माणसासाठी हे कठोर आहे. पण याच नियमाने त्याला एकोणिसाव्या वर्षी दार उघडून दिलं होतं.

अजून एक दार उघडलं आहे. कंपाउंड प्रकार आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हता. या पोरांनी एवढं सगळं जिंकलं ते ऑलिम्पिकचं स्वप्नही समोर नसताना. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आता कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे, एक मुलगा आणि एक मुलगी. देशातून फक्त दोघांना जागा. त्यासाठी सातारा, नागपूर, बुलढाणा, पंजाब, आंध्र सगळीकडे बाण सुटत असतील.

त्या दोघांत कोण असेल ते मला सांगता येणार नाही. मला तूर्त एवढंच हवंय की दूल्हाभाईंच्या ‘देखेंगे’चा अर्थ चांगला निघावा. माझ्या भाचीने निदान एकदा बांबूचं धनुष्य हातात घेऊन रेषेवर उभं राहावं. तिचा पहिला बाण मातीत गेला तरी चालेल, श्लोसरचाही कधीतरी गेलाच असेल. दोरी खेचून ती क्षणभर थांबेल तेव्हा तिला आपाची हाक ऐकू येऊ नये, दुकानाचा हिशेब आठवू नये. तेवढ्या वीस सेकंदांची सोय आपण मोठ्या माणसांनी करायची आहे. नेम तिचा ती धरेल.